भाचा की पुतण्या?

पोलंडची सहल घेऊन मी तेव्हा चौथ्यांदा गेले होते. बरोबर 31 माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. क्राकूफचा दिवस टूर मॅनेजरला तसा हलका जातो. लोकल गाइड असते, बसमध्ये चढणं-उतरणं फारसं नसतं. गाइडबाई इंग्रजीत सांगतात ते हेडसेटवर मराठीत सांगायचं आणि दर अर्ध्या तासाने माणसं मोजायची, एवढंच काम.

ग्रुपमध्ये सहा जण कोल्हापूरचे होते. त्यांना पोलंडचं अप्रूप वेगळं. 1943 ते 48 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे 5 हजार माणसांची. त्या सहांपैकी एक निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत, मीही. सरांची आई छावणीत भाजी विकायला जायची, हे मला त्यांनी विमानतळावरच सांगून टाकलं होतं. हातात कायम चार घड्या घातलेला कागद आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं.

वावेलची टेकडी चढून आम्ही कॅथेड्रलमध्ये शिरलो. पोलंडच्या बहुतेक राजांचा राज्याभिषेक इथेच झाला आणि त्यांना पुरलंही इथेच. 1320 साली इथे पहिला मुकुट चढला तो व्वादिस्वावच्या डोक्यावर. त्याचं टोपणनाव ‘वोक्येतेक’. गाइडबाईंनी कोपर दाखवून सांगितलं, की कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं हे माप, राजा बुटका होता म्हणून हे नाव. मी म्हटलं, ‘‘म्हणजे आपला हात. हा हातभर व्वादिस्वाव.’’ माणसं खूश. मलाही वाटलं, आज गाडी रुळावर आहे.

मग त्याच्या मुलाचं, काझिमिएशचं थडगं आलं. लाल संगमरवरी, वर छत्री, राजा आडवा झोपलेला, दाढीचे कुरळे नीट कोरलेले. पोलंडमध्ये ‘महान’ म्हणवला गेलेला हा एकच राजा. 1364 मध्ये क्राकूफचं विद्यापीठ याने काढलं. 1370 मध्ये शिकारीत घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला. औरस मुलगा नाही. गाइडबाई म्हणाल्या, पियास्त घराणं राजगादीवरून इथे संपलं आणि राज्य ‘नेफ्यू’ला गेलं, हंगेरीच्या लुईला.

मी बेधडक सांगितलं, ‘‘राज्य पुतण्याला गेलं.’’

सरांनी कानातला रिसीव्हर काढला आणि शिंक यावी तेवढ्या मोठ्याने विचारलं, ‘‘मॅडम, पुतण्या म्हणजे सख्ख्या भावाचा मुलगा. तो त्याच घराण्याचा. मग घराणं संपलं कसं?’’

इतकं साधं तर्कट, आणि मागच्या तिन्ही सहलींत मी ‘पुतण्या’च सांगत आले होते. कुणी हटकलं नव्हतं. कानशिलं तापली. गाइडबाईंना हळूच विचारलं, भावाचा मुलगा की बहिणीचा? त्या आधी गोंधळल्या, मग चेहरा एकदम खुलला. ‘‘आह! शोस्त्शेन्येत्स!’’ म्हणजे बहिणीचा मुलगा. भावाचा असता तर ‘ब्रातानेक’. मामाला ‘वुय’, काकाला ‘स्त्रिय’. त्यांच्या भाषेत सगळं आपल्यासारखं वेगवेगळं आहे, मध्ये इंग्रजी आली म्हणून चेंदामेंदा झाला होता. आजकालची मुलं मामालाही ‘वुयेक’ म्हणतात आणि काकालाही, असंही त्यांनी जरा नाक मुरडून सांगितलं. आमच्याकडे दोघांचा अंकल झालाय, मी म्हटलं.

मी माइकवर चूक दुरुस्त केली. लुई हा काझिमिएशच्या बहिणीचा, एल्झ्बिएताचा मुलगा. मामाचं राज्य भाच्याला. त्यानंतर दिवसभर आम्ही दोघींनी नात्यांपुरतं इंग्रजी सोडूनच दिलं. त्या पोलिश शब्द टाकायच्या, मी मराठी. 31 माणसांसमोर तोंडावर पडले होते, पण या कामात इतकी मजा मला आधी कधी आली नव्हती.

सरांचं समाधान मात्र एवढ्यावर नव्हतं. ‘‘भाऊबंद मेले होते काय सगळे?’’ नव्हते. माझोव्हियात आणि सिलेशियात पियास्तांच्या शाखा नांदत होत्या. माझोव्हियाची तर 1526 पर्यंत टिकली. भाऊबंद बाजूला राहिले आणि भाचा आला, कारण तसे करार आधीच झाले होते. हे ऐकून नाशिकच्या एक काकू पुढे आल्या. ‘‘अगं, पण दत्तक घ्यायचा ना!’’

हा प्रश्न मराठी माणसालाच पडणार. सातारा, झाशी, नागपूर ही नावं शाळेत पाठ केलेली. मला वाटलं गाइडबाई हसतील. त्या म्हणाल्या, घेतला होता की! मुलीचा मुलगा, काझ्को. नातवालाच दत्तक घेऊन मृत्युपत्रात त्याच्या नावे मोठा मुलूख लिहून ठेवला होता. पण आजोबा गेल्यावर ते मृत्युपत्र पूर्ण पाळलं गेलं नाही. काझ्कोला थोडा भाग मिळाला, तोही लुईचा मांडलिक म्हणून. काकूंना पुढचं ऐकायचं होतं, पण मागे दुसरा ग्रुप येऊन थांबला होता. पुढे सरकलो.

भाच्यालाही मुलगा नव्हता. 1374 मध्ये त्याने सरदार-जमीनदारांचा शेतसारा घटवून, एका वान (जमिनीचं तिथलं माप) जमिनीला फक्त 2 ग्रोश (तिथलं नाणं), त्या बदल्यात मुलीचा वारसाहक्क मान्य करून घेतला. म्हणून 1384 मध्ये यादविगाचा राज्याभिषेक झाला. वय 10-11 वर्षं. आणि तो राणी म्हणून नव्हे, तर ‘रेक्स’ म्हणून, राजा म्हणून. आता हे मराठीत कसं सांगायचं? ‘यादविगा राजा झाली’ म्हटलं तर व्याकरण रडतं, ‘झाला’ म्हटलं तर यादविगा कुठे जाते? मी ‘झाली’ म्हटलं आणि पुढे गेले. काकूंना चाललं.

तिचा पांढरा संगमरवरी पुतळा फार नाजूक आहे, पण माणसं थबकली ती तिच्या थडग्यातून निघालेल्या राजदंडापाशी आणि गोलापाशी. दोन्ही लाकडी, वर सोनेरी मुलामा. खरे दागिने तिने विद्यापीठासाठी दिले असं सांगतात. लाकडाच्या रेषा दिसतात. आमच्यातल्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांनी काचेजवळ वाकून बराच वेळ पाहिलं आणि ‘‘साधंच काम आहे’’ एवढंच म्हणाले.

तिचं लग्न 1386 मध्ये लिथुआनियाच्या यागिएलोशी झालं. त्यासाठी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तोही राजा झाला. 1399 मध्ये बाळंतपणात आधी मुलगी गेली, मग यादविगा. यागिएलोला मुलगे झाले ते चौथ्या बायकोपासून. इथून पुढे मला अनुवादाचं कामच उरलं नाही. मुलगा, भाऊ, मुलगा, भाऊ, भाऊ, मुलगा. सर कागदावर रेघा ओढत होते.

शेवटचा मुलगा झिग्मुंत आउगुस्त. त्याचं आणि त्याच्या वडिलांचं थडगं सोनेरी घुमटाच्या चॅपेलमध्ये एकावर एक आहे, रेल्वेच्या बर्थसारखं. तीन लग्नं, त्यातली पहिली आणि तिसरी बायको सख्ख्या बहिणी, मूल नाही. 1572 मध्ये तो गेला आणि यागिएलो घराण्याची पुरुष शाखा खुंटली. मग निवडणूक. हा शब्द उच्चारताच हशा. ‘‘बोटाला शाई लावायचे का?’’ मतदार म्हणजे सरदार-उमराव, पण यायचं असेल त्या प्रत्येकाने यायचं. 1573 मध्ये वॉर्सोजवळच्या मैदानात सुमारे 40 हजार जमले. राजा नसेल तेव्हा राज्य सांभाळायला मुख्य धर्मगुरू, त्याला म्हणत ‘मधला राजा’. निवडून आलेल्याने अटींवर सही करायची. निवडून आला फ्रान्सचा हेन्री. या घराशी नात्याचा धागाच नाही. शेवटच्या राजाची बहीण आना हिच्याशी त्याने लग्न करावं अशी अपेक्षा होती. ती पन्नाशीची, तो 22 वर्षांचा. फेब्रुवारी 1574 मध्ये इथेच मुकुट घातला. जूनमध्ये कळलं की फ्रान्सचा राजा असलेला भाऊ वारला. 18 जूनच्या रात्री याच टेकडीवरच्या वाड्यातून गुपचूप पळाला. पाठलाग झाला, पण तो सरहद्द ओलांडून गेला होता. आमच्यापैकी तिघांनी एकाच वेळी खिडक्या कुठे म्हणून माना वळवल्या.

मग सरदारांनी आनालाच राजा निवडलं. पुन्हा ते व्याकरण. नवरा म्हणून ट्रान्सिल्व्हेनियाचा बाथोरी, तिच्यापेक्षा 10 वर्षांनी लहान. मूल नाही. तो 1586 मध्ये गेला तेव्हा आना हयात होती आणि तिने जोर लावला तो स्वीडनच्या राजपुत्रासाठी. गाइडबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी त्यांच्या आधी म्हटलं, ‘‘शोस्त्शेन्येत्स!’’ आनाची बहीण काताझिना, तिचा हा मुलगा, झिग्मुंत व्हासा. मावशीने भाच्याला गादीवर बसवलं. निवडणूक होती खरी, पण दुसरीही एक झाली, ऑस्ट्रियाचा माक्सिमिलियानही निवडून आला आणि 1588 च्या जानेवारीत लढाईत कैद झाला.

व्हासांचं काळ्या संगमरवराचं चॅपेल शेजारीच आहे. इथे मला खरा घाम फुटला. झिग्मुंत व्हासाने एक बायको गेल्यावर तिच्या बहिणीशी लग्न केलं. पहिलीचा मुलगा व्वादिस्वाव, दुसरीचा यान काझिमिएश. दोघंही पाठोपाठ राजे. ‘‘सावत्र भाऊ,’’ मी म्हटलं. ‘‘आणि मावसभाऊ,’’ सर म्हणाले. बरोबर होतं. वर यान काझिमिएशने लग्न केलं ते व्वादिस्वावच्या विधवेशी, म्हणजे भावजयीशी. आणि 1668 मध्ये मूलबाळ नसताना गादी सोडून दिली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, ‘‘आता पुरे, जेवायला किती वाजता?’’ वियेनाचा वेढा फोडणारा सोबिएस्की आणि सॅक्सनीचे दोन्ही आउगुस्त हे पुढचे राजे मी चालता चालता उरकले. त्याचं वाईट वाटतं, पण पोटापुढे वियेनाचा वेढा कुणाला हवा?

बसपाशी माणसं मोजली. 30. एकतिसाव्या काकू गाइडबाईंचा हात धरून पायऱ्यांवर उभ्या होत्या आणि मला बोलवत होत्या.

‘‘त्या दत्तक पोराचं काय झालं, विचार की.’’

विचारलं. 1377 मध्ये एका किल्ल्याच्या वेढ्यात जखमी होऊन गेला.

‘‘आणि मूलबाळ?’’

गाइडबाईंनी मान हलवली. याला शब्द लागला नाही. काकू ‘च्च’ करून बसमध्ये चढल्या.