पोलंडच्या तळ्याकाठी इंग्रजी, अहिराणी आणि भरीत

पोलंडमधल्या मुलांच्या इंग्रजी कँपात व्हॉलंटियर म्हणून जायचं म्हणजे काय ते धुळ्यात घरी समजावून सांगणं व्हिसा काढण्यापेक्षा अवघड निघालं. आईचं आमच्या खानदेशातल्या अहिराणीत एकच पालुपद, "माय व, इतली दूर पोरेस्ले शिकाडाले जाशी आनि पैसा बी नही देतस त्या?" नाहीच देत. राहणं-जेवण त्यांचं, विमानाचं तिकीट आपलं, आणि बदल्यात ८ ते १३ वर्षांच्या पोलिश मुलांशी दिवसभर इंग्रजीत बोलायचं. शिकवायचं नाही, बोलायचं. पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात, लहान मुलांचं काम आहे म्हटल्यावर मागायलाच पाहिजे.

वॉर्सात थोडा वेळ होता म्हणून ओखोटा भागातला चांगल्या महाराजांचा चौक बघून आले. हे महाराज म्हणजे जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला त्यांनी पोलिश अनाथ मुलांना जामनगरजवळच्या बालाचडीत आसरा दिला होता. आणि आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं, आणि त्या कँपात त्यांच्या स्वतःच्या पोलिश शाळा होत्या. घरदार गेलेलं, देश राहतो की नाही माहीत नाही, पण मुलांची भाषा सुटू दिली नाही. हे मी आधी वाचलेलं होतं, तिथं उभं राहून जरा वेगळंच वाटलं.

आमचा कँप उत्तरेला, ग्दान्स्कपासून तासाभराच्या अंतरावर कार्तुझी गावाच्या पुढे एका तळ्याकाठी. हा भाग काशुबिया. तळी, बीच नावाच्या झाडांची जंगलं आणि स्ट्रॉबेरीची शेतं. इथल्या स्ट्रॉबेरीला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या जळगावच्या केळीला जीआय आहे तसंच. व्येझित्सा नावाचा डोंगर मोठ्या कौतुकाने दाखवतात, उंची ३२९ मीटर. आपल्या सातपुड्यातल्या उंच अस्तंभ्याची यात्रा चढलेल्या माणसाने अशा वेळी गप्प राहावं, मी राहिले.

कँपची शिस्त कडक. वीस मुलांमागे एक जबाबदार शिक्षक हा तिथला कायदाच आहे, मुलं दहा वर्षांच्या आतली असतील तर पंधरांमागे एक. आम्ही परदेशी लोक फक्त भाषेपुरते. सकाळी सगळे रांगेत, मग गटागटाने खेळ, नाटुकली, तळ्यावर कयाक, खजिना शोध, आणि सगळं इंग्रजीत. व्याकरणाचं पुस्तक दिसलंच नाही. पहिले दोन-तीन दिवस मुलं नुसती माना डोलवतात आणि मग एकदा बॉल आउट होता की नाही यावरून भांडण लागतं आणि तोडकंमोडकं का होईना इंग्रजी फुटतं तोंडातून, कारण अंपायर मी आणि मला पोलिश येत नाही! माझ्या मते शिक्षकाला समोरच्याची भाषा न येणं ही अशा कँपातली सगळ्यात मोठी सोय आहे.

जेवणाबद्दल काय सांगू. उकडलेल्या बटाट्यांवर शेपू, सूपमध्ये शेपू, काकडीच्या कोशिंबिरीत शेपू. आणि एक दिवस चक्क पास्त्यावर स्ट्रॉबेरी आणि क्रीम, हे दुपारचं जेवण, आणि मुलं तुटून पडलेली.

आता मुख्य गोष्ट. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाचं नाव दोनदा लिहिलेलं, एक पोलिश आणि खाली दुसरं. मला वाटलं जर्मन असेल. तर ती काशुबी, पोलंडमध्ये २००५ च्या कायद्याने प्रादेशिक भाषा म्हणून मान्य झालेली एकमेव भाषा. शाळेत विषय म्हणून शिकता येते, बारावीसारखी जी त्यांची मतुरा परीक्षा तिलाही घेता येते, आणि शिकवणाऱ्या शाळेला सरकार जादा पैसे देतं. स्वयंपाकघरातल्या मावशी आपल्या नातीशी हीच भाषा बोलायच्या. त्यांच्या लहानपणी, कम्युनिस्ट काळात, शाळेत काशुबी बोललं की मास्तर ओरडायचे म्हणे, खेडवळ बोलणं म्हणून. आता नात शाळेत तेच मार्कांसाठी शिकते यावर त्या खो खो हसत होत्या.

मला हसू येईना. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा (अहिराणी त्यातच धरतात) लावणारे १८ लाखांहून जास्त, शिवाय सुरतेकडे गेलेले किती तरी घरात अहिराणीच बोलतात, आणि तरी धुळ्यातल्या कुठल्याही इंग्रजी शाळेच्या गेटवर आई पोराला दटावते की नीट बोल.

प्रत्येक व्हॉलंटियरला एक संध्याकाळ आपल्या देशाची करायची असते. ताजमहालाचे फोटो वगैरे दाखवायचा मला कंटाळा. म्हटलं शेकोटी पेटणारच आहे, भरीत करू. तिथली मुलं शेकोटीवर काडीला सॉसेज टोचून भाजतात, त्याच निखाऱ्यात वांगी सारली. आपली हिरवी लांब वांगी कुठली मिळायला, सुपरमार्केटमधली जांभळी जाडी, आणि तुरीच्या काड्यांऐवजी बर्चची लाकडं, त्यामुळे चव जरा धुरकट वेगळी, पण लसूण, मिरची, शेंगदाणे, पातीचा कांदा सगळं जमवलं. ठेचायला मोठं पातेलं आणि लाटणं. मुलं रांग लावून ठेचत होती. अट एकच, वाटी हवी तर अहिराणीत नाव सांगायचं, "मनं नाव अमुक शे". पंचवीस-तीस पोलिश पोरं तळ्याकाठी ओरडतायत "मनं नाव शे" आणि मिरचीने नाकं वाहतायत! एका पोराने भरीत सॉसेजवर थापून खाल्लं आणि पुन्हा वाटी घेऊन आला. स्वयंपाकाच्या मावशींनी कृती लिहून घेतली आणि शेवटी विचारलंच, "यात शेपू नाही?"

शेवटच्या रात्रीला ते हिरवी रात्र म्हणतात. झोपलेल्यांच्या तोंडाला टूथपेस्ट फासायची जुनी रीत. शिक्षक आदल्या दिवशी दम देतात आणि दरवर्षी काहीही उपयोग होत नाही. माझ्या केसातली पेस्ट ग्दान्स्क स्टेशनवर धुतली.

आल्यापासून डोक्यात एकच आहे, असा कँप अहिराणीचा का नाही करायचा. मे महिन्यात शक्यच नाही, पारा ४५ ला, पोरं कुठे पळतील. दिवाळीच्या सुट्टीत शिरपूरला मामांच्या मळ्यात जागा आहे, भरताची वांगीही तेव्हा निघतात. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "ताई, इंग्रजीचा ठेवा ना, फी पण देतील लोक." मामांनी मात्र विहिरीला जाळी बसवून घेतली तरच मळा देईन असं सांगितलंय, त्याचा खर्च सध्या विचारतेय.