डाव्या पोटरीची चरबी

"मॅडम, पोटाचं तर ठरलंच आहे. पण सरांना सांगून या डाव्या पोटरीची पण थोडी काढायला लावा ना. बघा की, केवढी झालीय!"

मी भूलतज्ज्ञ. नाशकात ज्या हॉस्पिटलातून बोलावणं येईल तिथे जाते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासून 'फिटनेस' द्यायचा, हे माझ्या कामातलं सगळ्यात कमी दिखाऊ आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. लायपोसक्शनवाल्यांना, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून घ्यायला आलेल्यांना, ते नकोसं वाटतं. आजारी माणूस डॉक्टरला सगळं सांगून मोकळा होतो. हौसेने ऑपरेशनला आलेला माणूस, कुठे रद्द झालं तर, या धास्तीने निवडक तेवढं सांगतो.

बाई ४६ वर्षांच्या, वजन ७४ किलो, जळगावकडच्या. मुलीचं लग्न दीड महिन्यावर. सोबत नवरा, काखेत फाइल, आणि चेहऱ्यावर 'हिला तुम्हीच समजवा'.

मी सलवार वर करायला लावली. डावी पोटरी तटतटलेली, हाताला कोमट लागत होती. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला, तर खळगा तसाच राहिला. टेपने मोजलं : उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त.

"हे कधीपासून?"

"परवा बस्त्याला सुरतेला गेलो होतो ना गाडीने, तेव्हापासून जरा भरून आलंय. पण मुळात जाडच आहे तो पाय."

मुळात जाड होता की नाही, याचा पुरावा सर्जनकडे होता. ते लायपोच्या प्रत्येक पेशंटचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवतात. तीन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत दोन्ही पोटऱ्या अगदी सारख्या. तीन आठवड्यांत एकाच पायावर चरबी चढत नाही.

"काही गोळ्या चालू आहेत?" "काही नाही." मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. "पाळी पुढे ढकलायच्या?"

"त्या होय! साखरपुड्याच्या पूजेला घेतल्या होत्या. मग म्हटलं, ऑपरेशनमध्ये कटकट नको, म्हणून चालूच ठेवल्या." पर्समधून पाकीट निघालं. नॉरइथिस्टेरॉन, दिवसातून तीनदा, पंधरा-वीस दिवस. चिठ्ठी नाही, मेडिकलवाला ओळखीचा. आपल्याकडे या गोळ्यांना कुणी औषध समजतच नाही. सणवार, पूजा, लग्न आलं की घरातल्या बायका त्या बडीशेपेसारख्या वाटून घेतात. पण या मात्रेत गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्त गोठायची शक्यता वाढते. त्यात सुरतेचा जाऊन-येऊन प्रवास, गाडीत तासन्‌तास पाय लोंबकळत.

सर्जनना फोन लावला. ऑपरेशन थिएटर ठरलेलं, पॅकेजचा ॲडव्हान्स जमा. अशा वेळी काही ठिकाणी मला "मॅडम, बघा ना, होईल का ॲडजस्ट" असं ऐकावं लागलेलं आहे. हे गृहस्थ एवढंच म्हणाले, "डॉपलर करून घ्या. उद्याची केस मी थांबवतो."

डॉपलर म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. ती करणारे डॉक्टर यायला उशीर होता. नवरा चहा आणायला गेला आणि बाईंनी मला धरून बसवलं. काय समजून त्या आल्या होत्या, ते तेव्हा कळलं.

पहिलं म्हणजे, पंधरा किलो जाणार. मी म्हटलं, चरबी आणि त्यात मिसळलेलं पाणी मिळून एका वेळी पाच लिटरच्या पुढे जाणं म्हणजे मोठी जोखीम; तेवढं काढायचं तर रात्रभर हॉस्पिटलात देखरेखीखाली राहावं लागतं. आणि एक लिटर चरबीचं वजन किलोभरही नसतं. काट्यावर फार काही दिसत नाही. फरक दिसतो तो आकारात. ज्याचं वजन बऱ्यापैकी आटोक्यात आहे, पण एखाद्याच जागेची चरबी हटत नाही, त्याच्यासाठी हे ऑपरेशन आहे.

दुसरं, साखर उतरेल. त्यांची साखर काठावर होती. पण लायपोची नळी फिरते ती कातडीखालच्या चरबीत. आतड्यांभोवतीच्या, म्हणजे साखर बिघडवणाऱ्या चरबीला ती हातही लावू शकत नाही. अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांची सुमारे दहा-दहा किलो चरबी अशी काढून पाहिली होती. २००४ साली ते छापून आलं. अडीच-तीन महिन्यांनी ना साखरेत फरक, ना रक्तदाबात.

तिसरं, लग्नापर्यंत 'फिट' दिसणार. दीड महिन्यात? ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपत राहतं, चादरी खराब होतात. मग चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा. सूज पुरती उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने. मे महिन्यातल्या लग्नात, शालूच्या आत तो पट्टा घालून बसायची तयारी आहे का, असं विचारल्यावर बाई पहिल्यांदा गप्प झाल्या.

"पण ते तर म्हणे नुसतं सुन्न करून करतात, पूर्ण भूल पण नाही." बरोबर, छोट्या भागासाठी तसं करता येतं. सलाइनमध्ये भुलीचं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसणारं ॲड्रिनॅलिन अगदी विरळ मिसळून ते चरबीत भरायचं. जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९८७ साली ही पद्धत मांडली आणि रक्तस्राव एकदम कमी झाला. पण माझी खरी आकडेमोड तिथेच असते. एरवी ॲड्रिनॅलिनसोबत लिग्नोकेन किलोमागे सात मिलिग्रॅमपर्यंत देतात. इथे पस्तीसपर्यंत जाता येतं, कारण ते चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं. हळूहळू म्हणजे इतकं, की रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांनी सर्वांत जास्त असतं. सकाळी ऑपरेशन झालेला पेशंट तोवर घरी पोचलेला असतो. ओठ मुंग्या आल्यासारखे वाटले, कानात गुणगुण झाली, जीभ जड झाली, तर तो म्हणतो झोप नीट झाली नसेल. म्हणून पोट, मांड्या, दंड, पाठ 'एकाच फटक्यात' अशी जाहिरात दिसली की मी आधी त्या औषधाची बेरीज करते. आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का, तिथे भूलतज्ज्ञ कोण, रात्री थांबायची सोय आहे का, हे पेशंटने विचारावं. विचारलं म्हणून रागावणाऱ्याकडे जाऊ नये.

डॉपलर सुरू झाला तेव्हा मी शेजारीच उभी होते. निरोगी शीर प्रोबने दाबली की पडद्यावर चपटी होऊन मिटते. गुडघ्यामागची शीर दाबली, ती मिटली नाही. परत दाबली, आत राखाडी गोळा, जागचा हलेना. गुठळी.

दुसऱ्या दिवशी त्याच पायाने बाई ऑपरेशनच्या टेबलावर दोन-तीन तास निपचित पडणार होत्या. लायपोसक्शनमध्ये जे मृत्यू होतात, त्यांत पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात जाणं हे एक मोठं कारण आहे.

त्याच रात्री फिजिशियनच्या हवाली केलं. रक्त पातळ करायची औषधं किमान तीन महिने, पाळीच्या गोळ्या बंद. बाई रडल्या. गुठळीसाठी नाही, ब्लाऊज दोन इंच आत घेऊन शिवायला टाकले होते. नवरा मात्र रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होता आणि मेडिकलवाल्याच्या नावाने काहीबाही पुटपुटत होता.

"आणि लग्नातच पाळी आली तर?" निघताना त्यांनी विचारलं.

"येऊ द्या," मी म्हटलं.

सर्जननी ॲडव्हान्स परत केला. माझी उद्याची फी बुडाली ती बुडालीच; रद्द केसचे पैसे भूलतज्ज्ञाला कोण देतं? सर्जनच्या फॉर्ममध्ये मात्र 'चालू औषधे' या रकान्याखाली आता वेगळी ओळ आहे : पाळीच्या गोळ्या, वजन कमी करण्याच्या गोळ्या, जिमची पावडर, काढे. तिथे हो किंवा नाही अशी खूण करून सही केल्याशिवाय कुणालाच तारीख मिळत नाही.