गॅदरिंगला ट्रॅक नको, पेटी काढा

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला यंदा गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' हे नाटक केलं. पूर्ण नाही हो, पाचही अंक केले असते तर पालक सतरंजीवरच आडवे झाले असते, तासाभरात बसेल एवढं कापून घेतलं. पण पदं सगळी मुलांनीच म्हणली, पेटी-तबल्यावर, लाईव्ह. हे मुद्दाम सांगतेय कारण हल्ली गॅदरिंग म्हणजे पेनड्राईव्ह, साऊंडवाला आणि मागे एलईडी, मुलं नुसते ओठ हलवतात. असे डान्स मीही भरपूर बसवलेत, वाईट नसतातच, पण घरी जाताना पालकांच्या लक्षात राहतो तो ड्रेस.

शारदाच का, तर स्टाफरूममध्ये आधी 'संगीत सौभद्र' नाटकाची टूम निघालेली. सौभद्र ग्रेटच आहे, पण त्यातली पदं लोकांच्या कानात मोठमोठ्या गायकांच्या ताना-मुरक्यांसकट बसलीयेत, आठवीच्या पोराने सरळ म्हणली की फिकीच वाटणार. देवलांच्या शारदात साक्या, दिंड्या असले जुने पद्यप्रकार, सोप्या चाली. शिवाय देवल आमच्या हरिपूरचे, सांगलीला खेटूनच आहे गाव, आणि नाटक 1899 चं, त्यामुळे परवानगी-मानधन काही भानगड नाही. आणि विषय! पैसेवाला म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी पोरगी शारदा त्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, मध्ये लग्न जुळवणारा दलाल. पहिल्या वाचनालाच नववीतली एक मुलगी बोलून गेली, "मॅडम, आमच्या मावशीच्या गावात झालंय की असलं, नवरा म्हातारा नव्हता एवढंच." मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या, कुणाची चुलत बहीण, कुणाची शेजारीण. मी तालीम बाजूला ठेवली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, तो आकडा इतिहासाच्या सरांनी फळ्यावर लिहिला आणि खाली चाइल्डलाईनचा 1098 नंबर. तो नंबर पुसायचा नाही असं मुलींनीच ठरवलं, गॅदरिंग होईपर्यंत होता.

हेडबाईंची अट होती, दहावीची मुलं घ्यायची नाहीत आणि तालीम शाळा सुटल्यावर. म्हणजे सातवी ते नववी. मुलगे गायचं म्हणलं की भिंतीकडे बघतात, मुली मात्र हात वर करून करून दमल्या, मग भुजंगनाथ पण मुलीलाच दिला. देवलांच्या काळी शारदेचं काम पुरुष करायचे, आमच्याकडे म्हातारबुवाच मुलगी! आणि काय केलंन तिने. घरी आजोबा खुर्चीतून कसे उठतात ते बघून आली, आधी गुडघ्यावर हात, मग एक खोकला, मग उठायचा बेत रद्द करून परत बसायचं, मग इकडेतिकडे बघून मिशी सारखी करायची आणि एकदम ताठ उभं राहायचं. हे मी सांगितलेलं नाही, कुठल्याच दिग्दर्शकाला सांगून करून घेता येणार नाही असं होतं ते.

स्टाफमधून सूत्रधार पीटीचे सर आणि नटी विज्ञानाच्या मॅडम. सरांचा आवाज आख्ख्या ग्राउंडला पुरतो पण नांदीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा. सातवीतली एक चिमुरडी, जी त्यांच्या तासाला बूट नाहीत म्हणून रोज बाहेर उभी असते, ती त्यांना मांडीवर हात आपटून मात्रा मोजून दाखवायची, "सर, तुम्ही अलीकडंच उडी मारताय ओ, थांबा की." आणि सर थांबायचे. दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला मात्र परत बाहेरच.

खरी कसोटी लागली ती पट्टीची, म्हणजे कुणी कुठल्या सुरात गायचं त्याची, ज्यांना शाळेत संगीत नाटक करायचंय त्यांनी हे आधी वाचा. आमच्या मुली काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, आरामात गातात. नाटकाचा नायक कोदंड, तो करणारा आठवीतला मुलगा पण त्यांच्याच पट्टीत गायचा, गोड आवाज, आम्ही खुश. दिवाळीची सुट्टी संपवून आला तर कंठ फुटलेला! पहिल्या ओळीला बरा, दुसरीला वर जायचं तर आवाज मध्येच फाटायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची, तो बिचारा म्हणाला मी नाही येत उद्यापासून. दुसरा मुलगा घ्या असं सगळ्यांचं मत पडलं, मला ते पटेना, ह्या वयात हसं झालं म्हणून गाणं सुटलं की बहुतेकदा कायमचंच सुटतं. मार्ग काढला आमच्या शिपाईमामांनी. मामा गावच्या भजनी मंडळात तबल्यावर असतात. त्यांनी त्याला पेटीशेजारी बसवलं आणि नुसतं "आ" करत खाली खाली उतरायला लावलं, जिथे आवाज न थरथरता टिकला तो सा धरला, काळी एक. त्याची पदं त्या पट्टीत, मुलींची काळी चारमध्ये. पेटीवाल्याला काय, बोटं सरकवली की झालं, पण तबला एकाच सुराला लावलेला, त्याचं काय? एकच तबला पदागणिक चढवत-उतरवत बसला तर तोपर्यंत प्रेक्षक घरी. मग मामांनी भजनी मंडळाचा दुसरा तबला उचलून आणला, एक ह्या सुराचा एक त्या सुराचा, आणि वरच्या दोन ओळी गायच्या ऐवजी गद्यात म्हणायच्या असं ठरलं. त्या दोन ओळींनाच टाळी पडली, काय बोलणार.

प्रयोगाच्या दिवशी नेहमीचंच, माईकवाल्याने एको फुल ठेवलेला, मी विंगेतून हातवारे करतेय आणि तो मला अंगठा दाखवतोय, छान चाललंय म्हणून. नांदी त्या एकोतच वाहून गेली. पण शारदेच्या मैत्रिणींचं 'म्हातारा इतुका न' सुरू झालं आणि समोर बसलेल्या बायकांनी ताल धरला, टाळ्यांचा वेग वाढत गेला, मुली पण वाहवत पळायला लागल्या, नुसती गडबड. मामांनी मान वर न करता ठेका असा दाबून धरला की दोन आवर्तनात आख्खा मांडव त्यांच्या लयीत आला. ट्रॅकवर नाचणाऱ्या मुलांना हे कधी शिकायला मिळणार, ट्रॅक कुणासाठी थांबत नाही नि कुणाला सावरून पण घेत नाही.

आता भुजंगनाथबाईंना बाजारात लोक "काय म्हातारबा, जमलं का लग्न" विचारतात आणि ती खोकून दाखवते. कोदंड रोज मधल्या सुट्टीत पेटीच्या खोलीची किल्ली मागतो. पीटीच्या सरांना पुढच्या वर्षी मोठा रोल हवाय, आणि मामांनी हेडबाईंकडे रीतसर लेखी अर्ज टाकलाय, शाळेसाठी तबलाजोडी घ्या, भजनी मंडळवाले आता देणार नाहीत.