हिपॅटायटिस बी कल्चरमध्ये: सिग्नल दिसला, पण संसर्ग झालाय का?

माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू फ्लास्कमधल्या यकृत-पेशींत मात्र शिरायला तयार नसायचा. आतली यंत्रणा शाबूत होती. विषाणूचा डीएनए हेप-जी-२ या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या पेशीत आपण घातला तर ती विषाणू बनवून बाहेर सोडते, हे १९८७ मध्ये हेप-जी-२.२.१५ या लाइनने (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणाने) दाखवलं होतं. अडत होतं ते दाराशी. ते दार म्हणजे पित्तक्षार पेशीत ओढून घेणारं एनटीसीपी हे प्रथिन, हे २०१२ मध्ये समजलं. हेप-जी-२ मध्ये ते जवळजवळ नसतंच. त्याचं जनुक घातलं की विषाणू आत जातो.

पण जातो तो फार थोडा, आणि पुढची सगळी डोकेदुखी त्यातूनच येते. हिपॅटायटिस सीचा जेएफएच-१ हा प्रकार २००५ पासून ह्यू-७ या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या पेशींत स्वतःहून वाढतो, शेजारच्या पेशींत पसरतो. सुरुवात थोडक्या विषाणूंनी झाली तरी चालतं. बीचं तसं नाही. कल्चरमध्ये, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींत, तो फारसा पसरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी पेशीमागे शेकडो-हजारो जीनोम (विषाणूच्या डीएनएच्या प्रती) ओतावे लागतात. आणि जे ओतलं, तेच नंतर मोजमापात सापडतं.

आधी पेशींबद्दल. हेप-जी-२ गठ्ठ्यांनी वाढतात आणि गठ्ठ्याच्या आतल्या पेशींपर्यंत विषाणू पोचत नाही. फ्लास्क ७०-८० टक्के भरला की पॅसेज करावा, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटाव्यात. त्याहून थांबू नये. पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम घालण्याआधी पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने दोनदा धुवावं, कारण मागे राहिलेला सीरम ट्रिप्सिनला निकामी करतो. मग पेशी नीट सुटत नाहीत आणि दोष ट्रिप्सिनला दिला जातो. प्लेटला कोलॅजनचा लेप हवाच. त्याशिवाय वारंवार धुताना पेशींचे पापुद्रे निघून येतात आणि प्लेटवरच्या तीन वेलच्या (खळग्यांच्या) आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

एनटीसीपी टिकवणारं निवडीचं अँटिबायोटिक (घातलेलं जनुक नसलेल्या पेशी मारणारं) रोजच्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, ठेवावं, प्रयोगाच्या प्लेटमध्ये नको. तरीही पॅसेज वाढत गेले की एनटीसीपी हळूहळू घटतं, आणि पेशी दिसायला अगदी तशाच राहतात. म्हणून सुरुवातीलाच पेशींच्या भरपूर व्हायल (कुप्या) गोठवून ठेवाव्यात आणि ठरावीक पॅसेजनंतर जुनी पिढी टाकून नवी व्हायल काढावी. संसर्ग अचानक कमी झाला तर विषाणूच्या साठ्यावर संशय घेण्याआधी एनटीसीपी तपासा.

पेशी चिकटल्या की मीडियममध्ये २ ते २.५ टक्के डीएमएसओ हे द्रावक. त्याने विभाजन मंदावतं आणि पेशी खऱ्या यकृत-पेशीच्या थोड्या जवळ जाते. केंद्रकातला विषाणूचा बंद वर्तुळाकार डीएनए, म्हणजे सीसीसीडीएनए, पेशी विभागत राहिली तर विरळ होत जातो. त्यामुळे ही पायरी गाळू नये. विषाणू घालताना ४ टक्के पीईजी-८००० हे पॉलिमर लागतं. पीबीएसमध्ये ४० टक्क्यांचं द्रावण करून ठेवलं तर दहास एक हे प्रमाण सोपं पडतं. ते घट्ट असतं, पिपेट सावकाश चालवा, नाहीतर प्रत्येक वेलमध्ये वेगळं प्रमाण पडेल. १६ ते २४ तासांनी विषाणू आणि पीईजी काढून तीन ते पाच वेळा धुवायचं.

खरी फसगत इथून पुढे. पीईजी विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावर दाबून बसवतं. कितीही धुतलं तरी थोडा चिकटून राहतो आणि पुढचे काही दिवस सुटत राहतो. साठ्यात नुसत्या एस अँटिजेनचे (विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचे), डीएनए नसलेले कण खऱ्या विषाणूच्या कितीतरी पट असतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मीडियममध्ये एस अँटिजेन सापडलं, याला मी पुरावा मानत नाही. ई अँटिजेन, म्हणजे संसर्ग झालेली पेशी बाहेर सोडते ते विषाणूचं दुसरं प्रथिन, बरं, पण साठा शुद्ध केलेला नसेल तर तेही त्यात आधीपासून असतं. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात आणि दुसऱ्या दिवशी किती होतं, ते मोजून ठेवल्याशिवाय पुढच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

सीसीसीडीएनएची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजणारी चाचणी) तर आणखी फसवी. विषाणूच्या कणातला अर्धवट वर्तुळाकार डीएनए हजारपट असला, तर निवडक म्हणवणारे प्रायमरही (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्याला पकडतात. आधी टी-५ एक्सोन्यूक्लिएज या डीएनए खाणाऱ्या एन्झाइमने तो पचवून घ्यावा, आणि एकदा तरी सदर्न ब्लॉटवर (डीएनए आकारानुसार वेगळा करून दाखवणाऱ्या पद्धतीत) पट्टी डोळ्यांनी पाहावी. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात बसलेल्या लाइनमध्ये तर हे फारच गरजेचं.

कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची पीसीआर महिन्याला एकदा. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याचं काही करत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो.

लस घेतल्याशिवाय आणि शरीरात किमान १० एमआययू (मिली-आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर प्रतिपिंडं तयार झाल्याची तपासणी केल्याशिवाय कुणीही हुडसमोर (पेशी हाताळायच्या सुरक्षा-कपाटासमोर) बसू नये. हा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावर सात दिवस तरी तग धरतो. काचेची पिपेट आणि सुया शक्यतो टाळाव्यात, ब्लीचचं द्रावण रोज ताजं करावं.

प्रत्येक प्लेटमध्ये एक वेल मायरक्लुडेक्सची असावी. बुलेव्हिर्टाइड या नावाने औषध म्हणून वापरलं जाणारं हे पेप्टाइड एनटीसीपीला बांधून दार बंद करतं. विषाणू घालण्याच्या अर्धा तास आधी ते द्यायचं आणि विषाणूबरोबरही ठेवायचं. तिसऱ्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत ई अँटिजेन बाकीच्या वेलमध्ये चढत गेलं आणि या वेलमध्ये सपाट राहिलं, तर संसर्ग झाला. दोन्हीकडे सारखंच उतरत असेल, तर तो नुसता धुतला न गेलेला साठा आहे.