पाणी वाजत नाही

ॲनिमेशनची फाईल माझ्याकडे येते तेव्हा ती पूर्ण मुकी असते. कॅमेऱ्याने शूट केलेल्या फिल्ममध्ये निदान जागेवरचं काहीतरी पकडलेलं असतं: पंख्याची घरघर, लांबचा हॉर्न, कुणाचं तरी खाकरणं. कॉम्प्युटरवर उभारलेल्या घरात तेही नसतं. दार वाजत नाही, पावलं वाजत नाहीत. जे ऐकू येतं ते सगळं कुणीतरी ठरवून घातलेलं असतं. सांगलीत बसून मी हेच काम करते, आणि त्यातलं एक काम अजून डोक्यातून जात नाही.

कृष्णाकाठच्या शाळांमध्ये दाखवायला एका संस्थेने छोटी थ्रीडी फिल्म करून घेतली होती. नदीला पाणी चढायला लागलं की मुलांनी काय करायचं, एवढाच विषय. इथल्याच एका मुलाने ती ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केली होती आणि फार सुरेख केली होती. कौलारू घर, परड्यातली म्हैस, पत्र्याची ट्रंक, उंबऱ्यावरून आत सरकणारं गढूळ पाणी. रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक फ्रेम तयार करणं, लांबत गेलं आणि साउंडच्या वाट्याला जेमतेम काही रात्री उरल्या. आपल्याकडे आवाजाला नेहमी पंगत उठायच्या वेळी पान वाढतात.

फाईलसोबत दिग्दर्शकांनी नमुन्यादाखल स्वतःच लावलेला एक ट्रॅक होता. ढगांचा गडगडाट, धबधब्यासारखी गर्जना, खाली ढोल, आणि मधेमधे बेडूक. बेडूक ‘रिबिट, रिबिट’ करत होता! हा आवाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या बेडकाचा. हॉलिवूडला तो हाताशी मिळाला, आणि तिथून सिनेमांमधून जगभर गेला. आपला बेडूक असं कधी ओरडत नाही. तो मी लगेच काढून टाकला. गर्जना मात्र राहू दे, असा दिग्दर्शक सरांचा आग्रह होता. पूर म्हटल्यावर पोरांच्या अंगावर काटा आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मग मी बाकीच्या कामाला लागले. कॉम्प्युटरमधल्या माणसाला वजन नसतं. कितीही चांगला ॲनिमेटर असला तरी पात्र जमिनीवर तरंगल्यासारखंच वाटतं, त्याला जमिनीवर उभं करते ती त्याच्या पावलाची धप. ओल्या गोणपाटावर जुनी चप्पल दाबून मी आजीची पावलं केली, टाच आधी आणि चवडा मागून. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम जवळजवळ ४२ मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या आधी पडला तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच कानाला खटकतो, मागून आला तर १२५ पर्यंत खपून जातो. याचं कारण इथल्या घाटावर उभं राहिलं की कळतं. पलीकडच्या काठावर धुणं आपटणारीचा हात खाली आलेला आधी दिसतो, ‘थाप’ नंतर ऐकू येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो आणि आपला कान त्याच्या उशिराला जन्मापासून सरावलेला असतो. म्हणून शंका असेल तिथे मी आवाज एक फ्रेम मागे ठेवते.

फिल्म तयार झाल्यावर नदीकाठच्या एका गावात, शाळेच्या वर्गात दाखवून बघितली. पोरं दचकली, एकमेकांना बिलगली, सर खूश झाले. नंतर बाईंनी विचारलं, पूर आलाय हे कसं ओळखायचं? एक मुलगा उठून म्हणाला, “मोठ्ठा आवाज येतो. आवाज आला की पळायचं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. नातवाला न्यायला आलेली एक आजी दारात उभी होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “पुराचा आवाज कसला गं पोरी? पानी वाजत न्हाई. आमच्याकडं रात्री मोरीत बुडबुडाय लागलं, मग सैपाकघरात भांड्याला भांडं लागाय लागलं. उठून बघितलं तर घोट्याएवढं पानी.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका असतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, पण ते चढत चढत गेलं. इथे नदीला उतार कमी. कोयना धरणातून विसर्ग वाढतो, पाणी आधी ओढ्या-नाल्यांतून आणि गटारांतून उलटं मागे येतं, मग पसरतं. घाटातला ओढा दगडांवर आपटून गरजतो, आणि सरांच्या ट्रॅकमध्ये होता तो तसलाच ओढा. पाण्याचा आवाज हा मुख्यतः त्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा आवाज. पाणी फुटलं नाही, आपटलं नाही, तर वाजणार काय? आणि आपण पोरांना शिकवत होतो की गर्जना होईपर्यंत थांबा.

मी ट्रॅक नव्याने बांधला. गर्जना, ढोल, सगळं काढलं. पाऊस कौलांवर ठेवला आणि तोही हळूहळू कमी केला, कारण गावात ऊन पडलेलं असतानाही वरच्या पावसाने पाणी चढतं. मोरीचा आवाज घरच्याच मोरीत केला: बादलीत नळी बुडवून सावकाश फुंकायचं, वर स्टीलची ताटली अर्धवट झाकायची. आधी एकच बुडबुडा, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. ट्रंक तरंगून भिंतीला लागते तो ‘ठक’ मी खऱ्या ट्रंकेचा घेतला, आत गोधड्या भरून, कारण रिकामी ट्रंक खणखणते. म्हैस पाणी यायच्या आधीच उठून उभी राहते, तिथे फक्त दाव्याची साखळी.

सरांनी ऐकलं आणि म्हणाले, “फिल्म मेल्यासारखी वाटतेय हो.” मुलांना वाचवायची फिल्म मुलांना घाबरवण्यावर तोलली जाते, हे मला आजही पटत नाही. शेवटी शाळांसाठी माझा ट्रॅक आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमासाठी गर्जनेचा, असं ठरलं. त्याच शाळेत दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा मोरीच्या दृश्याला एक मुलगी पुटपुटली, “पानी आलं.” चित्रात तोवर पाणी दिसतही नव्हतं.

पण व्हॉट्सॲपवर फिरते आहे ती कार्यक्रमातली, गर्जनेची फाईल. माझ्या ट्रॅकमधले बुडबुडे फोनवर ऐकूच येत नाहीत. एक सेंटिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३३० हर्ट्झवर वाजतो आणि इतक्या खालच्या सुराला मोबाईलचा स्पीकर मार खातो. तीन मिलिमीटरचा बुडबुडा हजाराच्या वर जातो, तो स्वच्छ ऐकू येतो. म्हणून आता सलाईनची बारीक नळी घेऊन मोरीचं दृश्य पुन्हा रेकॉर्ड केलं आहे. स्वस्तातल्या फोनवर, शेजारी कुकरची शिट्टी चालू असतानाही, पहिला बुडबुडा कळतो. ही फाईल संस्थेला पाठवली आहे, आणि ज्या ज्या ग्रुपवर गर्जनेची गेली आहे तिथे ही टाका म्हणून त्यांच्या मागे लागले आहे.