आमची वाटचाल: बावधनच्या गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंत

पुण्यातल्या बावधनचे भाड्याचे गोदाम आणि दोन टेम्पो एवढ्या भांडवलावर आम्ही पार्सल वाटपाचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा वाटपाचा क्रम माझे थोरले बंधू सकाळच्या चहाबरोबर तोंडी ठरवीत असत. नुसती दहा पार्सले ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी वाटता येतात, हे कळल्यावर आम्ही गणिताकडे वळलो. पहिली संगणकीय आज्ञावली सरळ रेषेतील अंतर धरीत असल्यामुळे पाषाण आणि कोथरूड तिला शेजारी वाटले. मधली वेताळ टेकडी तिच्या गावीही नव्हती.

हिंजवडीहून संध्याकाळी कोथरूडला परतणारे अनेक नोकरदार महामार्गाने आमच्या गोदामाजवळूनच जातात, तेव्हा एखादे पार्सल त्यांच्याकडे द्यावे, असा विचार पुढे आला. आर्चेटी, साव्हेल्सबर्ग आणि स्पेरांझा या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा प्रासंगिक चालकांचे गणित मांडले आहे. गोदामातून ग्राहकाच्या दारावरून घरी जाण्याचे एकूण अंतर गोदाम ते घर या थेट अंतराच्या ठरावीक पटीत बसले, तर चालक ते पार्सल नेईल, असे त्यात गृहीत धरले आहे. पट दीड धरली, तर गोदामापासून सहा किलोमीटरवर राहणारा माणूस वळशासह एकूण नऊ किलोमीटरपर्यंत जाईल.

कागदावर हे चोख होते. मात्र जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी बहुतेकांनी नकार दिला आणि पार्सले गोदामातच राहिली. तेव्हापासून आम्ही दुपारी चारला विचारणा करतो, साडेपाचपर्यंत आलेले होकार पक्के धरतो आणि उरलेल्या पार्सलांसाठी टेम्पोचा मार्ग नव्याने काढतो.

आमची खरी चूक मोबदल्याच्या हिशेबात होती. टेम्पोचा एकूण खर्च पार्सलांच्या संख्येने भागून येणाऱ्या सरासरीशी आम्ही चालकाच्या मोबदल्याची तुलना करीत होतो. वास्तविक ज्या गल्लीत टेम्पो जाणारच आहे, तेथील आणखी एका पार्सलाचा खर्च जवळजवळ शून्य असतो, तर टेकडीच्या पायथ्याच्या एकाकी बंगल्यासाठी टेम्पोला स्वतंत्र खेप करावी लागते. म्हणून एखादे पार्सल काढून टाकल्यास टेम्पोचा मार्ग किती घटतो, एवढेच आता आम्ही पाहतो आणि ती बचत वळशाच्या मोबदल्यापेक्षा जास्त असेल तरच बाहेरच्या चालकाला विचारतो. त्यामुळे चालकांची संख्या वाढवण्याची आमची हौस बरीच ओसरली.

सध्या सोसायटीच्या फाटकावर नोंदवहीत सही करण्यात जाणारी मिनिटे या हिशेबात आणण्याचे काम चालू आहे.