एटीव्हीच्या टायरची हवा: अर्ध्या पीएसआयचा हिशोब

मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास हवा असते, त्यामुळे एखादा पीएसआय कमीजास्त झाला तर चालून जातं. एटीव्हीला, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या रुंद टायरांच्या छोट्या चारचाकीला, बहुतेक वेळा ४ ते ७ पीएसआयच लागते. इथे ५ ची ६ झाली की फरक थेट २० टक्क्यांचा होतो. म्हणून पंक्चर टाळायचं तर सीलंट (टायरमध्ये ओतायचं, भोक बुजवणारं द्रव) आणि महागडे टायर नंतर, आधी कमी दाबाचं गेज घ्या: ० ते १० किंवा ० ते १५ पीएसआयचं, अर्ध्या पीएसआयच्या खुणा असलेलं. मोटारीचं गेज इतक्या खाली भरवशाचं नसतं. पेट्रोल पंपावरच्या नळीने दोन सेकंद जास्त हवा मारली तरी टायर दगडासारखा होतो. हातपंप संथ आहे, पण या कामाला तोच बरा.

मूळ आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. पुढची आणि मागची हवा वेगळी असू शकते, पण एकाच अॅक्सलच्या (आसाच्या) दोन्ही चाकांत ती अगदी सारखी हवी, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मोजायची ती टायर थंड असताना. सकाळी २० अंशांना ५ पीएसआय भरलेला टायर ४० अंशांपर्यंत तापला की ६.३ च्या आसपास दाखवतो. तो आकडा बघून हवा काढली तर संध्याकाळी टायर नरम पडलेला असतो.

हवा कमी पडते तेव्हा चाक दगडावर आपटल्यावर टायर पार दबतो आणि रबर दगड आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटतं. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर कारण हेच समजा. रिमची कडही वाकलेली असेल, तर चीर बुजवूनही बीडमधून (रिमला घट्ट बसणाऱ्या टायरच्या कडेतून) हवा जात राहते. हवा जास्त असते तेव्हा टायर दगडाला लपेटून घेत नाही. सगळा भार एका टोकावर येतो आणि आतले धागे तुटतात. बाहेर जखम किरकोळ दिसते, फुगा मात्र काही दिवसांनी येतो. असा टायर बदलावाच लागतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो: साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटणं. नरम टायरची साइडवॉल बाहेर फुगते आणि दगडाला घासते. ती सतत वाकत असल्यामुळे तिथे स्ट्रिप (भोकात ठासायची चिकट रबरी पट्टी) टिकत नाही, सीलंटही चालत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर आणि देशावरच्या काळ्या दगडाच्या फुटलेल्या कडांवर हाच धोका मोठा. अशा ठिकाणी स्टिकरच्या आकड्याच्या खाली जाऊ नका आणि ६-प्लाय रेटिंगचे (सहा थरांइतक्या ताकदीचे) टायर घ्या. धारदार दगड टाळता येत नसेल, तर त्याच्या कडेने घासत जाण्यापेक्षा चाक सावकाश सरळ त्यावर चढवा. नक्षीखालचं रबर जाड असतं, साइडवॉलचं नसतं.

पुळणीवर एखादा पीएसआय कमी केला तर चाक रुतत नाही. पण कंपनीने दिलेल्या किमान आकड्याखाली नको, आणि त्या हवेवर वेगात वळू नका. बीड रिमवरून सुटतो आणि सगळी हवा एकदम जाते. वाळू संपून खडक लागला, विशेषतः कालवं चिकटलेला, की आधी हवा पूर्ववत करायची आणि मग पुढे जायचं.

गाडी ट्रेलरवर घालून अलिबागहून पाचगणीला नेली तर? गेज दाखवतं तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो, १,३०० मीटरच्या आसपास तो १२.६ च्या जवळ येतो. म्हणजे खाली भरलेली ५ वर साधारण ७ दाखवेल, थंडीमुळे त्यातला थोडा भाग कमी होईल. वर पोहोचल्यावर टायर थंड होऊ द्या आणि पुन्हा हवा लावा. उतरल्यावर परत तेच, कारण तिथे उलट होतं आणि टायर नरम निघतो.

बाभळीच्या काट्यांवर हवेचा इलाज नाही, तिथे सीलंट खरंच उपयोगी पडतं. २५ इंची टायरला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, नेमका आकडा बाटलीवरच्या तक्त्यात बघा. वॉल्व्हची पिन (आतली हवा अडवणारा छोटा भाग) काढून ओता, हवा भरा आणि लगेच दोन-तीन किलोमीटर चालवा, म्हणजे ते आत सगळीकडे पसरेल. पुढे हवा तपासताना वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर गेज चोंदतं. राइडनंतर नक्षीत मोडून राहिलेले काटे पक्कडीने काढा. आज हवा न सोडणारं टोक दर फेरीला थोडं आत सरकत जातं.

रानात स्ट्रिप मारताना खिळा कुठल्या कोनात शिरलाय ते बघून ठेवा, रिमर (भोक साफ करायची खरखरीत सळई) त्याच कोनात फिरवा. सोल्यूशन लावलेली स्ट्रिप दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतकीच आत ढकला, सुई झटक्यात ओढा आणि टोकं ३ मिलिमीटर ठेवून कापा. वर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. हवेसाठी सीओटूच्या कुप्या नेणार असाल तर हिशोब आधीच करा. १६ ग्रॅमची कुपी आठ-नऊ लिटर वायू देते आणि २५×८-१२ च्या (२५ इंच उंच, ८ इंच रुंद, १२ इंची रिमच्या) टायरला ५ पीएसआयसाठी साधारण १३ लिटर लागतो, म्हणजे एका चाकाला दोन कुप्या. मागचा रुंद टायर असेल तर दोन कशाबशा पुरतात.

बीड सुटला असेल तर पिन काढा, नक्षीवरून रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा पट्टा) गोल आवळा, म्हणजे कडा रिमला टेकतील, आणि मग हवा मारा. बीड बसवण्याची कमाल मर्यादा टायरवर छापलेली असते, ती कधीही ओलांडू नका. टायर फुटला तर हात जायबंदी होतो. बीड टक् आवाज करून बसला की पट्टा सोडा, पिन लावा आणि गेज बघत हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आणा.